बेटावरचे गोडे पाणी

डोंबिवलीहून कोपरला जावे, जिना चढून वरच्या फलाटावर यावे आणि दिवा-वसई गाडीत बसावे. भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र ही स्थानके मागे पडली की आमचे मूळ गाव जवळ येते. या वाटेवर गाडी उल्हास नदी ओलांडते. पुलावरून खाली पाहताना दरवेळी एकच विचार मनात येतो. हीच नदी कल्याणच्या वरच्या अंगाला आम्हा डोंबिवलीकरांना पिण्याचे पाणी देते आणि कल्याणच्या खालच्या अंगाला आमचे सांडपाणी घेऊन वसईच्या खाडीकडे निघते. आम्ही गाडीने जातो, ती खाडीने जाते, आणि दोघेही पोहोचतो आमच्या आजोबांच्या गावाशीच.

नोकरीच्या निमित्ताने वसईच्या किनाऱ्यावरून उठून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या धर्मग्रामांत स्थायिक झालेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे आहेत. मे महिन्याच्या सुटीत ही मंडळी गावी जाऊन आली की रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पहिली चौकशी होते ती विहिरीच्या पाण्याची: गोडे आहे की मचूळ झाले? आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो केव्हापासून विचारला जाऊ लागला आणि का, हा या लेखाचा विषय आहे. यात थोडा इतिहास आहे, थोडे भूगर्भशास्त्र आहे आणि आमच्या घराण्याची एक कबुलीही आहे.

वसई हे एके काळी बेट होते, हे आज तेथे राहणाऱ्यांनाही सांगावे लागते. दक्षिणेला उल्हासचे मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि पूर्वेला या दोन्ही मुखांना जोडणारी सोपाऱ्याची खाडी. ही पूर्वेची खाडी गाळाने भरत गेली, तिच्यावर बांध पडले, रस्ते झाले, रेल्वे आली आणि बेट मुख्य भूमीला चिकटले. चिकटले ते माथ्यावरून. जमिनीखाली मात्र ते अद्याप बरेचसे बेटच आहे. चोहोबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचा एक साठा, जो पावसाखेरीज दुसऱ्या कोणी भरून देत नाही.

या बेटावरील विहिरींचा लेखी इतिहास पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी आणि विहिरी करविल्या असे त्यात नोंदविले आहे. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या बेटावर विहीर करविणे ही दगडावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट मानली जात होती. सम्राट अशोकाच्या चौदा आदेशांपैकी दुसऱ्यात रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदविल्याचा उल्लेख आहे. दुर्दैव असे की १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात सापडला तो आठव्या आदेशाचा तुकडा, आणि १९५६ साली भुईगावला मिळाला तो नवव्याचा! विहिरींचा आदेश या मातीत असलाच तर अद्याप कोणाच्या कुदळीला लागलेला नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांच्या राजकीय इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि वाचकांना तो परिचित आहे. राज्ये बदलली, धर्म बदलले, शेतसारा घेणारे हात बदलले. बागायत मात्र चालू राहिली. केळी, ऊस आणि पानवेल ही वसईची पिके. यांतली पानवेल तर इतकी नाजूक की पाण्यात जरा खारटपणा आला तर पान पिवळे पडते. १८८२ साली जेम्स कँबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. वसईची ही विहिरीवरची बागायत इंग्रज अधिकाऱ्यांच्याही नजरेत भरली होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पानमळे डोलत होते, याचा अर्थ जमिनीखालचे पाणी शतकानुशतके गोडे राहिले होते.

ते गोडे कसे राहिले, हे समजून घेण्यास आपल्याला थोडा वेळ युरोपात जावे लागेल. हॉलंडच्या सैन्यातील एक अभियंता बादोन गाइबेन याने १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीच्या हर्झबर्ग याने १९०१ साली, एकमेकांच्या कामाचा आधार न घेता, एकच गोष्ट मांडली. हर्झबर्गचे काम तर नॉर्डर्ने नावाच्या उत्तर समुद्रातील एका लहान बेटावरच्या विहिरींविषयी होते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असते. गोड्या पाण्याचे वजन हजार धरले तर समुद्राच्या पाण्याचे हजार पंचवीस. त्यामुळे वाळूच्या बेटावर मुरलेला पाऊस समुद्राच्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही. त्यावर तो तरंगत राहतो. हा तरंगणारा साठा मध्ये जाड आणि कडांना पातळ असतो, भिंगासारखा. दोघांनी काढलेला हिशेब असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक हात वर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस हात खोलपर्यंत गोडे पाणी असते.

ही आनंदाची बातमी वाटते. पण हिशेब उलटाही चालतो. विहिरीतून उपसा करून पातळी एक हात खाली नेली तर तळातले खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर चढू पाहते. प्रत्यक्षात वाळू, चिकणमाती आणि खालचा काळा कातळ यांचे थर सर्वत्र सारखे नसल्याने हे प्रमाण जागोजागी बदलते, तरी दिशा तीच राहते. विहिरीत वरून डोकावणाऱ्याला पाणी हातभर खाली गेलेले दिसते. तळाशी काय चढले आहे ते त्याला दिसत नाही.

याचे सर्वांत लहान आणि सुबक उदाहरण वसईजवळच आहे. अर्नाळ्याचा किल्ला आजही खऱ्या अर्थाने बेटावर आहे. होडीत बसल्यावाचून तेथे जाता येत नाही. किल्ल्याच्या आत अष्टकोनी तळे आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि तटाबाहेर चारी दिशांना समुद्र. किल्ला बांधणाऱ्यांनी बुरूज कोठे घालायचा हे शत्रूकडे पाहून ठरविले असेल, पण वस्ती कोठे करायची हे या पाण्याने ठरविले. पाणी नसते तर तो किल्ला एका उन्हाळ्यात पडला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वसईच्या शेतकऱ्याने गाइबेन वाचला नव्हता, हर्झबर्गही नाही. त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या: रहाट आणि बावखल.

रहाट आमच्या पिढीने चालताना पाहिला आहे. विहिरीच्या तोंडावर उभे लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली गाडग्यांची माळ, आणि बाजूला जोखड ओढीत गोल फिरणारा रेडा किंवा बैल. त्याच्या डोळ्यांवर झापडे असत. गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत, पाटाने पाणी वाफ्यांत जाई. रहाटाची कुरकुर दुपारच्या झोपेत कानावर पडे आणि ती थांबली की आजीला जाग येई. रेडा दमला की रहाट थांबे. दुपारी थांबे, रविवारी थांबे, सणाला थांबे. त्या विश्रांतीच्या वेळात झऱ्यांतून पाणी हळूहळू भरून येई आणि पातळी पूर्ववत होई. जनावराच्या दमण्यात भूजलाचे रक्षण होते, हे आम्हाला फार उशिरा उमगले. तेव्हा आम्हा मुलांना एवढेच कळे, की रहाट थांबला की विहिरीत डोकावायला परवानगी आहे.

बावखल ही त्याहूनही शहाणपणाची योजना. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘बाव’ म्हणजे विहीर, हा किनारपट्टीवरचा जुना शब्द. बावखल हे विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान असे खोदलेले जलाशय, वाडीच्या सखल अंगाला. पावसाळ्यात चार महिने वाडीवाडीतले पाणी वाहत येऊन त्यात साठे. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. थांबवून धरला नाही तर भरतीओहोटीच्या एका फेऱ्यात समुद्रात जातो. बावखल त्याला थांबवून धरी, सावकाश जमिनीत मुरवी, आणि आसपासच्या विहिरींना मे महिन्यापर्यंत पुरवी. काठाला आंबा, भेंड, नारळ; पाण्यात मासे आणि बेडूक; फांदीवर खंड्या पक्षी. बहुतेक बावखले सामाईक असत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एका बावखलाला पाच-सात कुटुंबांची नावे दिसतात, आणि कोणी किती दिवस पाणी घ्यायचे याची पाळी तोंडी ठरलेली असे. भांडणे होत नसत असे म्हणणे खोटे ठरेल. पाळीवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे न बोलल्याची उदाहरणे प्रत्येक आळीत आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचे नोकर विहीर खणतात आणि गरारचे गुराखी पाणी आमचे म्हणून भांडायला येतात, तो प्रसंग धर्मगुरूंनी वाचला की आमच्याकडे पुढच्या बाकांवरची माणसे उगाच एकमेकांकडे पाहत!

पाण्याचे स्थान केवळ शेतीत नव्हते. ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आधी ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आहे. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, सजवलेल्या घागरीत पाणी भरून आणतात, आणि त्या पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालतात. आता पुष्कळ ठिकाणी विहीर उरली नसल्याने घागर नळाखाली धरावी लागते. आमच्या नात्यातील एका लग्नात तर वाजंत्री इमारतीच्या टाकीपर्यंत गेली. सगळे हसले, एक म्हाताऱ्या आत्या मात्र हसल्या नाहीत.

पाणी चांगले की वाईट हे ठरविण्याच्या जुन्या परीक्षा आमच्या आजीला पाठ होत्या. डाळ लवकर शिजते की नाही, साबणाला फेस येतो की दही होते, पितळेच्या कळशीवर पांढरा थर धरतो का, चहा काळपट होतो का. या साऱ्या परीक्षा पाण्याचा जडपणा आणि खारेपणा अचूक ओळखीत. जिभेलाही खारेपणा कळतो. पण पाण्यातला रोग जिभेला कळत नाही, आणि येथे आजीचे शास्त्र अपुरे पडे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाशी पटकीचा संबंध जोडून दाखविला, तेव्हा त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून लोक मुद्दाम तेथे येत असत. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला आणि शहरातील विहिरींत डास वाढतात म्हणून त्या बंद कराव्यात असे सुचविले. तेव्हा पारशी, हिंदू, मुसलमान अशा अनेकांनी आपापल्या धार्मिक कारणांनी हरकत घेतली. दोन्ही बाजूंना थोडेथोडे सत्य होते असे आमचे मत आहे. डॉक्टरांचे डासांविषयीचे म्हणणे खरे होते. पण ज्या शहराला विहार आणि तानसाचे नळ मिळाले होते त्यालाच विहीर सोडणे परवडणारे होते. समुद्राला लागून असूनही गोडे पाणी देणारी चर्चगेटची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर त्या वादातूनही टिकली. वसईच्या खेड्यांत नळच नव्हते. तेथे ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर घेऊन येई, विहिरीत टाकी, आणि दोन दिवस पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून सारी आळी त्याला बोल लावी.

आज प्रयोगशाळा जे मोजते त्यातील एक हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा म्हणून देतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावे, आणि दुसरी सोयच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे शंभर कळश्या गोड्या पाण्यात समुद्राची दीड कळशीही मिसळली तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते, आणि साडेपाच-सहा कळश्या मिसळल्या की दुसरी. पाच-सहा कळश्यांनी विहीर जाते! पानवेल तर त्याच्या कितीतरी आधी माना टाकते.

रहाटाच्या जागी आधी तेलावरचे इंजिन आले, मग विजेचा पंप. त्याचे स्वागतच झाले, आणि ते योग्य होते. रेड्यामागे उन्हात फिरणाऱ्याला पंप हा देवदूतच वाटणार. पण पंप दमत नाही. त्यातच १९८० नंतरच्या दशकात पश्चिम रेल्वेच्या कडेने विरार, नालासोपारा, वसई येथे इमारतींची रांग उभी राहिली. या इमारतींना नळाचे पाणी नव्हते. बिल्डरांना पाणी हवे होते, आणि ते जवळच, पश्चिमेच्या वाड्यांतील विहिरींत होते. तेव्हा टँकर आले.

येथे आम्हाला आमच्या घराण्याविषयी लिहिले पाहिजे. आमच्या वाडीतील विहिरीचे पाणी आम्हीही विकले. थोरल्या काकांनी एका टँकरवाल्याशी व्यवहार ठरविला. आम्ही तोवर डोंबिवलीत दोन खोल्यांचे घर घेतले होते आणि हप्ते थकले होते. आमच्या हिश्शाचे पैसे दर महिन्याला मनीऑर्डरने येत. ते आम्ही घेतले. केळीला जेवढे मिळे त्याच्या कितीतरी पट पाण्याला मिळते, मग केळी कशाला लावायची, हा काकांचा प्रश्न होता आणि आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. रात्रंदिवस टँकर लागत. तिसऱ्या उन्हाळ्यात आजीने चहाचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि काकांकडे पाहिले. ती काही बोलली नाही. शेजारच्या वाडीतील पानवेल त्याच वर्षी गेली. त्या शेजाऱ्याने एक थेंबही पाणी विकले नव्हते. जमिनीखालच्या पाण्याला सातबारा नसतो. आमच्या विहिरीने ओढले ते त्याच्याही खालचे होते. त्याने आमच्यावर दावा लावला नाही. चर्चमध्ये मात्र तो आमच्या बाकावर पुन्हा कधी बसला नाही.

अशाच अनुभवांतून १९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांची लेखणी ख्रिस्ती घरांत परिचित होतीच. आता ते टँकरच्या आणि बिल्डरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने पाण्याच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांत आमच्या घरातील माणसेही होती हे नमूद केले पाहिजे, कारण आमचे पैसे त्यात गुंतलेले होते. समितीचा लढा ख्रिस्ती समाजापुरता राहिला नाही. शेतकरी, शिक्षक, सर्व धर्मांचे लोक त्यात आले. फादर दिब्रिटो पुढे धाराशिव येथे, तेव्हाच्या उस्मानाबादला, २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले जाईल. पश्चिम वसईत आज जी हिरवळ उरली आहे तिचाही त्यांच्या कामात समावेश करावा लागेल.

कायदाही मागाहून आला. राज्याने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणारा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. त्याहून व्यापक असा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. दरम्यान उसगाव, पेल्हार आणि पुढे सूर्या धरणाचे पाणी शहराला मिळू लागले, त्यामुळे विहिरींवरचा भार काहीसा हलका झाला. काही विहिरी दोन-तीन चांगल्या पावसाळ्यांनंतर सुधारल्या. आमची पूर्णपणे सुधारली नाही. खारे पाणी वर चढायला तीन उन्हाळे पुरतात. त्याला खाली ढकलायला किती पावसाळे लागतात याचा आमचा मोजदाद अद्याप चालू आहे.

वसईच्या खाडीपलीकडे धारावी बेट आहे, उत्तन-डोंगरी-गोराई-मनोरीचे. तेथेही कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा टाकला जाऊ लागला आणि त्यातून झिरपणारे पाणी खालच्या शेतांत व विहिरींत उतरते अशी ग्रामस्थांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. तेथे धोका समुद्राकडून आला नाही, डोंगरावरून आला. आणि सगळेच गोडे पाणी संपले तर काय होते हे मालदीवच्या राजधानीत, माले बेटावर, पाहायला मिळते. तेथील भूजलाचे भिंग उपशाने निकामी झाले; शहर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यावर अवलंबून राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये त्या कारखान्याला आग लागली आणि एका दिवसात लाखभर माणसे तहानलेली झाली. भारताला विमाने आणि जहाजे भरून पाणी पाठवावे लागले.

मग आमच्या डोंबिवलीचे काय? येथे खारे पाणी चढण्याची भीती तेवढी नाही. खाली काळा कातळ आहे, आणि पाणी त्याच्या भेगांतून फिरते. ज्या भेगेतून पाऊस उतरतो तिच्यातूनच गटाराचे आणि कारखान्याचेही पाणी उतरते. वाळू निदान थोडे गाळून तरी घेते. भेग काहीच गाळीत नाही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला, आणि दोन्ही वेळा सारे राज्य चकित झाले. रस्त्याचा रंग छायाचित्रात येतो. विहिरीचे छायाचित्र कोणी काढीत नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला चक्की नाका परिसरातील एका विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला काढण्यासाठी एकामागून एक माणसे उतरली आणि विषारी वायूने पाच जणांचा बळी गेला. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. त्या दिवसापासून आमच्या वसाहतीत जुन्या विहिरीचा विषय निघाला की एकच सूचना येते: बुजवून टाका. सूचना करणाऱ्याला दोष देता येत नाही. पण जी विहीर दर उन्हाळ्यात उपसली जात होती, जिच्यातला गाळ काढला जात होता, जिचे पाणी कोणीतरी रोज चाखीत होते, ती अशी विषारी झाली नसती. नळ आला, आपण विहिरीकडे पाठ फिरविली, आणि तिच्याशेजारून काय वाहते हे पाहणारे कोणी उरले नाही.

गावाकडे बावखलांचेही तेच झाले. पाणी लागेनासे झाले तेव्हा ती जागा मोकळी दिसू लागली. राडारोडा टाकून एकेक बावखल बुजविले गेले. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, गाड्या बंद पडल्या, मिठागरातील माणसे अडकून पडली, तेव्हा जुन्या लोकांनी बोट दाखवून सांगितले की हे पाणी पूर्वी कोठे कोठे जात असे. त्यानंतर काही गावांतील तरुणांनी उरलेली बावखले स्वच्छ करण्यास आणि त्यांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. आमचा एक पुतण्या त्यांच्यात आहे. तो दोरीला दगड बांधून मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर विहिरींची पातळी मोजतो, बाटल्यांत नमुने भरतो, आणि शाळेच्या वहीत लिहून ठेवतो. वहीत शेजाऱ्याच्या विहिरीचे पान आहे आणि आमच्याही. गेल्या मे महिन्यात त्याने आम्हाला आमच्या विहिरीचे पाणी चाखायला दिले. मचूळ होते, पण चहा करता येईल इतपत.

आमच्या वाडीलगतच्या बावखलावर सात नावे आहेत. त्यांतील पाचांनी ती जागा देण्याच्या कागदावर सही केली आहे. सहावे नाव त्या शेजाऱ्याचे, ज्याची पानवेल गेली. त्याने सही केलेली नाही आणि आमच्याकडे निरोपही पाठविलेला नाही. सातवे नाव आमचे. कागद डोंबिवलीत आमच्या कपाटात आहे. रक्कम मोठी आहे, आणि घरात तिची गरज असलेली मुले आहेत. पुतण्याने काही विचारले नाही. त्याने फक्त येत्या ऑक्टोबरची मोजणी कोणत्या तारखेला आहे ते कळविले आहे, आणि दोरीचे दुसरे टोक धरायला माणूस हवा आहे.